बाबांसाठी तुम्ही रचलेल्या चार ओळी

सर, मी मजेत आहे. पेनसिल्व्हेनियातलं ते घर कधीच विकलं, आता व्हर्जिनियात असते, आणि आहे तशीच भांडखोर आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायला घेतलं की पाठ आपोआप ताठ होते. तुमच्या वर्गाची सवय, दुसरं काय!

तेव्हा मी नवऱ्याच्या व्हिसावर आले होते, नोकरीला मनाई होती, आणि माझ्यासारखी नागपूरची बडबडी बाई त्या बर्फात गप्प बसून वेडी व्हायची वेळ आली होती. गावच्या लायब्ररीत तुम्ही कविता म्हणायला फुकट शिकवत होतात. म्हटलं, चला, वेळ तरी जाईल. वेल्समधल्या दगडाच्या खाणीत राबणाऱ्या मजुराचा मुलगा तुम्ही, विशीतच कवी म्हणून गाजलेले, मग गावोगाव प्रवचनं करणारे पाद्री, मग अमेरिकेत येऊन कॉलेजात धर्मशास्त्र शिकवून रिटायर झालेले. हे सगळं मला मागाहून कळलं. पहिल्या दिवशी मी एका ओळीचा अर्थ विचारला, तर तुम्ही टेबलावर हात आपटलात. "अर्थ नंतर! आधी कानाने पाठ कर." असा संताप आला होता! पण केलं पाठ.

त्या थंडीत बाबा आमच्याकडे राहायला आले. वीज मंडळातून रिटायर झालेले, पक्के नास्तिक. "भेटव तुझ्या पाद्रीबाबाला, सरळ करतो त्याला," म्हणाले. तुमच्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं आणि थेट त्या कोरीव खुर्चीत जाऊन बसले. तरुणपणी काव्यस्पर्धेत बक्षीस मिळालेली ती खुर्ची! तिला हातसुद्धा लावायची आमची टाप नव्हती. तुम्ही वळून पाहिलंत आणि एवढंच विचारलंत, "साखर किती?" त्यानंतर प्रत्येक शनिवारी तुमचं दोघांचं भांडण ठरलेलं. बाबा त्यांच्या नागपुरी इंग्रजीत ठणकावतात, "तुमचा देव फरार आहे, साहेब!" आणि तुम्ही इतके हसता की चहा बशीत सांडतो. दुसऱ्या देशात माझ्या बापाला मित्र मिळाला, याचं मला किती बरं वाटायचं, ते तुम्हाला कधी बोलले नाही.

मग एका सकाळी बाबा गेले. हार्ट अटॅक. त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, "माझ्यावर एकही मंत्र म्हणायचा नाही. म्हटलात तर उठून बसेन." इकडे कॉलिंग कार्डाच्या फोनवर काका नागपूरहून ओरडतायत, न्यू जर्सीहून भटजी आण, लोक काय म्हणतील! नवरा म्हणाला, "करून टाकू यार, त्यांना कुठे कळणार आहे?" त्यांना नाही, पण मला कळणार होतं ना! माझ्या बापाने आयुष्यात माझ्याकडे ही एकच गोष्ट मागितली होती. मी तडक तुमच्याकडे आले. म्हटलं, अंत्यविधीला तुम्ही बोला, तुमच्या पांढऱ्या केसांपुढे कुणाची तोंड उघडायची हिंमत होणार नाही. फक्त देवाचं नाव घेऊ नका. तुम्ही म्हणालात, "देव वगळून बोललो तर मी खोटा ठरेन. देव घेऊन बोललो तर तुझ्या वडिलांशी दगा. तू बोल. मी शेजारी उभा राहतो."

मी भाषण लिहून आणलं. प्रेमळ, कष्टाळू, तत्त्वनिष्ठ. तुम्ही मध्येच थांबवलंत. "हे कुणाच्याही बापाला चालेल. यात तुझा बाप कुठाय?" मी भडकले. म्हटलं, काय सांगू लोकांना? रोज सकाळी शर्टाला कडक इस्त्री करून, बूट चढवून दिवसभर आमच्या सोफ्यावर बसायचे, हे सांगू? कुठे निघालात विचारलं की म्हणायचे, "कुठे नाही. पण कोणी बोलावलं तर गबाळ्यासारखा जाऊ का?" तुम्ही म्हणालात, "हेच सांग."

तेच सांगितलं. फ्युनरल होममध्ये कोट घालून बसलेली आमची चार मराठी कुटुंबं आधी हसली, मग रडली. भटजी नाही म्हणून कोणी ब्र काढला नाही. आणि दुसऱ्याला वाक्य पुरं करू न देणारे तुम्ही, ओठ घट्ट मिटून माझ्या शेजारी उभे होतात.

बाबांना दहनासाठी आत नेण्याआधी तुम्ही पुढे झालात आणि वेल्शमध्ये सावकाश चार ओळी म्हटल्यात. गेलेल्या माणसासाठी अशा चार ओळी रचायची तुमच्याकडे रीत आहे, हे मला ठाऊक होतं. तरी मी फणकारले, "सर, यात देव आहे का?" तुम्ही म्हणालात, "आहे. पण तुझ्या वडिलांना वेल्श कुठे येतं?" बापाच्या पेटीशी उभी राहून मी खो खो हसले, सर, आणि मग जे रडू फुटलं ते थांबेना. नंतर गाडीत त्या ओळी तुमच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतल्या. आजही धडाधड येतात. अर्थ तुम्ही सांगितला नाहीत, आणि पुढे तुम्हीही गेलात.

आमच्या ऑफिसात नुकतीच वेल्सची एक मुलगी आली आहे. घरी वेल्शच बोलते म्हणे. त्या ओळींचा अर्थ विचारायला म्हणून मी तिच्या टेबलापाशी जाते, कॉफीचं विचारते आणि परत येते. त्या ओळींत देव निघेल, याची मला मुळीच भीती नाही. निघाला तर निघाला, बाबा त्याच्याशीही भांडतील. पण तुम्ही "आहे" म्हणूनही नाही निघाला तर? तर माझ्या बापासाठी तुम्ही तुमच्या देवाला दाराबाहेर उभं केलंत आणि कुणाला कळूही दिलं नाहीत, असं होईल. तेवढं ऐकायचं धाडस माझ्यात अजून नाही, सर.