आठ मापं आणि एक गाडी

२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आई अखेर हो म्हणाली. तीन महिने तुझ्याकडे राहायला यायचं तिने कबूल केलंय. पण अट आईची, म्हणजे सरळ कशी असेल? तिला पोचवायला घरातल्या सगळ्यांनी यायचं आणि एकाच गाडीतून यायचं. गेल्या वेळी निम्मे पुढे गेले, निम्मे रस्ता चुकले, ते ती अजून विसरलेली नाही. शिवाय तिचं पायाचं शिलाई मशीन सोबत हवं. म्हणजे मागे ट्रेलर आला.

तेव्हा एखादी जुनी, ऐसपैस एसयूव्ही घ्यायचं ठरवलंय. मी पडलो शिंपी, गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही. तू गॅरेजवाली, म्हणून शरण आलो. काल एक गाडी पाहिली. इंजिन असेलच, पण सीटकव्हरं काय सांगू! दुहेरी शिलाई, एक टाका इकडचा तिकडे नाही. मी हो म्हणणारच होतो, तेवढ्यात बायकोने मागून शर्ट ओढला.

मुलांचे नमस्कार. तुझा लोभ आहे तसाच राहू दे, या वेळी सल्ल्यासकट.

तुझा,
टाचणी

८ जानेवारी

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी हसत हसत गाडीखालून बाहेर आले. अरे, गाडी घेतोयस की कोट? फोनवर सांगितलं तर तू या कानाने ऐकून त्या कानाने सोडतोस, म्हणून लिहून देतेय. भिंतीला टोचून ठेव.

गाडी बघायला गेलास की आधी बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर विकणाऱ्याने इंजिन आधीच तापवून ठेवलंय असं समज, आणि गार होईपर्यंत तिथेच ठाण मांडून बस. मग खाली वाकून गंज बघ. खालून ताजा काळा रंग फासलेला दिसला तर दुप्पट संशय घे. ट्रेलरचा हूक चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, घट्ट बोल्टांनी बसवलेला हवा. गिअरच्या तेलाला जळका वास आला तर मागे वळून न बघता घरी ये. आणि तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाला बसवून बघ. विकणारे तिथे कधीच बसत नाहीत.

आईला बघून दोन वर्षं झाली रे. मला तिची फार आठवण येते. घोळ घालू नकोस.

वहिनीला सांग, शर्ट असाच ओढत राहा. माझी माया आहे म्हणूनच ओरडते.

तुझी,
ताई

२१ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घेतली! एका जनावरांच्या डॉक्टरांची होती. ते तिला वासरांचा ट्रेलर जोडत, त्यामुळे हूक दणकट आहे. आत शेळीचा वास येतो, पण गिअरच्या तेलाला कसलाच येत नाही. सीटकव्हरं फाटकी आहेत. मी काळजावर दगड ठेवून तिकडे पाहिलंच नाही. बॉनेट गरम लागलं म्हणून दीड तास बसलो. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की गाडी सकाळपासून उन्हात उभी आहे.

तिसऱ्या रांगेचं म्हणशील तर मी काही नशिबावर सोडलं नाही. घरातल्या प्रत्येकाला बसवून माप घेतलं. सासरेबुवांनी श्वास आत ओढून धरला, तो सोडेपर्यंत मी थांबलो. आत्याने कमरेचा आकडा मोठ्याने वाचू दिला नाही. मुलं वाढती, म्हणून दोन दोन इंच जास्त धरले. मापांच्या वहीत आठ पानं भरली आणि गाडीत जागाही बरोबर आठ! आईचा गुडघा दुखतो म्हणून चढायला स्टूलसुद्धा केलंय.

एक फेब्रुवारीला निघतो. तोवर कृपादृष्टी असू दे.

तुझा विजयी,
टाचणी

२५ जानेवारी

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

शाबास! मला वाटलं नव्हतं. आईची खोली झाडून पुसून ठेवली, मशीनसाठी खिडकीजवळ जागा केली. काल उगीचच दोनदा तिथे जाऊन बसले.

लवकर या. बाकी लोभ भेटीत.

तुझी,
ताई

२९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, घात झाला.

आज सगळ्यांना गाडीत बसवून पाहिलं. आई, बायको, तिन्ही मुलं, सासू, सासरे, आत्या. कुणाचा कोपर कुणाला लागत नव्हता. सासरेबुवा तात्पुरते स्टिअरिंगपाशी बसून हॉर्न वाजवत होते. मी बाहेरून दारं लावली, चार पावलं मागे सरकलो आणि अंगावर चपखल बसलेला कोट बघावा तसा बघत राहिलो. धाकटीने काच खाली करून विचारलं की बाबा कुठे बसणार.

ताई, शिंपी स्वतःचं माप कधी घेत नाही गं! आठ पानांत मी कुठेच नव्हतो.

बायको म्हणाली की गाडी ती चालवेल, मी बसने यावं. पण मग सगळे एका गाडीत कुठे झाले? आई गाडीतून उतरली. खोलीत जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसली. रुसली असणार. तू वाट बघत असशील, मला लिहायलाही तोंड नाही. तरी जमलं तर माफ कर.

तुझा,
टाचणी

३० जानेवारी
(मापांच्या वहीत, नवव्या पानावर)

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

तू दुकान उघडायला गेलास, तेवढ्यात मी निघते आहे. सूनबाई याच गाडीने बसस्टँडवर सोडते आहे. शेळीचा वास मला तरी आला नाही. स्टूल मी घेऊन जाते, बसची पायरी उंच असते.

रुसले वगैरे नाही. एकटी मी बसने केव्हाही गेले असते. अट घातली ती तुम्हा सगळ्यांना तिकडे न्यायला. ताई दोन वर्षं बोलावते आहे आणि तुझे कोट काही संपत नाहीत. आता माझी जागा रिकामी झाली. आठ जागा, आठ माणसं. परवा मशीन नीट बांधून घेऊन ये. आता सबब सांगायची सोय राहिली नाही.

तुझं माप खाली लिहिलंय. टेप लागली नाही, मला ते पाठ आहे.

छाती अडतीस. खांदा साडेसतरा. कंबर छत्तीस, तू चौतीस सांगत असतोस.

वाट बघते.

आई