गिफ्ट नव्हे, भेट

पप्पा, गेल्या रविवारी इथे जर्मनीत, बोब्लिंगेनमध्ये मी माझा पहिला उपदेश केला आणि पाचव्या मिनिटाला अख्ख्या मंडळीला विष घ्यायला सांगितलं. हसू नका, ऐका. इथे महिन्यातून एकदा आम्ही मराठी माणसं एका जर्मन चर्चच्या हॉलमध्ये उपासनेला जमतो. पाळक नाही, म्हणून आळीपाळीने बोलतो. "तू तर पाळकसाहेबांचा मुलगा," म्हणत या वेळी मला उभं केलं. एरवी दिवसभर गाड्यांचे ब्रेक तपासणारा मी! पण धास्ती मंडळीची नव्हती, माझ्या नऊ वर्षांच्या लेकीची होती. ती मराठीला जर्मनमध्ये उत्तर देते आणि उपासनेत चित्रं काढत बसते. तिने माझं एक तरी वाक्य ऐकावं, एवढंच मला हवं होतं.

तुमची रीत मला ठाऊक होती. शनिवारी संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून आईला उपदेश ऐकवायचात. आई विळीवर कांदा चिरत असायची. विळी थांबली की ते वाक्य ठेवायचं, चालू राहिली की खोडायचं. मी एकदा मुलांच्या सभेसाठी इंग्रजी शब्द पेरून चार ओळी लिहिल्या, तेव्हा केवढे रागावलात! "घरात जो शब्द वापरत नाहीस, तो तिथे कशाला नेतोस?" तरीही या वेळी मी कुणालाच न ऐकवता लॅपटॉपवर सगळं उरकलं. शहाणपण नडलं.

"कृपा हे देवाचं गिफ्ट आहे," मी म्हणतो, "ते घ्या, पोराबाळांनाही द्या!" पुढच्या बाकावरची पोरं फिदीफिदी हसायला लागतात. माझी लेक ओरडते, "पापा, नाइन! दास इस्ट गिफ्टिग!" म्हणजे, नाही, हे विषारी आहे! जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष, इतकी वर्षं इथे राहून मला ते सुचलं नाही. सगळा हॉल हसला, सगळ्यात जास्त मी. मग कागद खिशात घातला आणि घरातला शब्द काढला. "भेट म्हणजे दिलेली वस्तू, आणि भेट म्हणजे भेटणंही. देव वस्तू पाठवून थांबत नाही, स्वतः येतो." लेकीची पेन्सिल थांबली. पप्पा, मी पाहिलं, थांबली! मला इतका आनंद झाला की पुढचे तीन मुद्दे मी गाळूनच टाकले. घरी येताना ती गाडीत पुटपुटत होती, "भेट, भेट."

तुम्ही गेल्यावर हे पत्र टाकू तरी कुठे? वहीतच राहील. म्हणून कबूल करतो, चर्चमध्ये तुमचा एकही उपदेश मी धड ऐकला नाही. विळी थांबली तेवढी वाक्यं मात्र अजून पाठ आहेत.