जयवंताबाईंचं वाक्य

२४ सप्टेंबर १९५६, आदिलाबाद

छापून आलं! नागपूरच्या साप्ताहिकात, पहिल्याच पानावर. ‘आमच्या वार्ताहराकडून’ नाही — माझं पूर्ण नाव. विनोदिनीनं अंक तिच्या शाळेत नेऊन ‘आमच्या ह्यांचं’ म्हणून सगळ्या शिक्षिकांना दाखवला. तहसिलीतली नकला उतरवायची नोकरी सोडून तीन वर्षं झाली. आज पहिल्यांदा वाटलं, बरं केलं.

बेला गावच्या जयवंताबाईंचं बोलणं ठळक अक्षरांत घेतलंय — ‘तेलुगूंच्या राज्यात मी घोटभर पाणीही पिणार नाही.’ असं त्या बोलल्या नव्हत्या. संपादकांनी तिखटमीठ लावलं असणार. चालायचंच.

२७ सप्टेंबर

विनोदिनी विचारते, मग त्या बोलल्या तरी काय होत्या?

कपाशीत निंदण चाललं होतं. भाषेवर राज्यं वाटली जाताहेत; किनवट मुंबई राज्यात जाणार, आपण आंध्रात — ठरलंच आहे, पहिल्या नोव्हेंबरपासून. मी विचारलं, कसं वाटतं? बाईंनी विळा खाली ठेवला. म्हणाल्या, “वाईट वाटते ना भाऊ. बहीण किनवटाकडं दिली माही. पण माही सून तेलुगूच हाय. दोघी एका चुलीवर रांधतो. राज्य कोनाचंबी येऊ द्या, आमाले नाल्यावर पूल पायजे. पूर आला का चार-चार दिवस अडकून राह्यतो आमी.”

सून राजव्वा तेवढ्यात ताक घेऊन आली. तामसीची. इथली मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ बोलते! सासूनं तिच्याच हातचा पेला माझ्यापुढे केला होता.

४ ऑक्टोबर

संपादकांचं पत्र. आणखी लिहा म्हणतात. ‘असंच धारदार.’

११ ऑक्टोबर

बेल्याहून दादाजी आला — जयवंताबाईंचा मुलगा, राजव्वाचा नवरा. गावात मास्तरांनी अंक चावडीवर मोठ्यानं वाचला. राजव्वा पाणी भरून तिथूनच चालली होती. घागर घरात ठेवली, लहान लेकीला उचललं आणि बापाकडे तामसीला निघून गेली. आठ दिवस झाले.

“माय जेवून नाही राह्यली,” दादाजी म्हणाला. टोपी हातात धरून उभाच. रागावला नाही. रागावला असता तर बरं! “तुमी माह्या मायच्या नावावर असं काऊन लिवलं?”

सांगितलं — ते संपादकांनी घातलंय.

“असं व्हय,” म्हणाला आणि गेला. चहासुद्धा विचारला नाही मी.

१४ ऑक्टोबर

बेल्याला जाऊन आलो. वेचणी सुरू झालीय. जयवंताबाई ओटीत कापूस घेऊन तशाच घरी आल्या. म्हणाल्या, वाचा. वाचून दाखवलं. ते वाक्य भरभर वाचलं.

“हे मी बोलली का?”

“नाही.”

“मंग कोनं लिवलं?”

“नागपूरच्या साहेबांनी.”

ओटीतला कापूस चाचपत म्हणाल्या, “त्या साहेबाले लिवा, बाई असं बोलली नाही म्हनून. अन् तामसीले जाऊन राजीले सांगा. मी लेकाच्या हाती दोनदा निरोप धाडला, तिले खरं वाटत नाही. तुमी शिकलेले हाव. तुमचं आयकन.”

तुमचं ऐकेल! घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

१६ ऑक्टोबर

संपादकांना पत्र लिहायला बसलो. झालं नाही.

१९ ऑक्टोबर

तामसी. राजव्वाचे वडील लिंगन्ना यांनी खाट टाकली, बसवलं. जावयाच्या गावाकडचा माणूस म्हणून पुष्कळ आदर. राजव्वा दाराआड उभी होती. मी सगळं सांगितलं. ती बाहेर आली.

“सासूबाई बोलल्या नाहीत?”

“नाही.”

“तुमी लिवलं नाही?”

“नाही.”

“मंग तुमी लिवलेला कागद दाखवा. मले वाचता येते. चौथी शिकली मी, मराठी शाळेत.”

नक्कल ठेवली नाही, म्हणालो.

“कागद आना. मंग बोलू.”

२३ ऑक्टोबर

विनोदिनी जेवताना म्हणाली, “अहो, तुम्ही तर प्रत्येक मजकुराची नक्कल ठेवता.”

भात छान झालाय, म्हणालो.

२८ ऑक्टोबर

मजकूर एकही लिहिला नाही. दादाजी बाजारात दिसला. रामराम केला त्यानं, नेहमीसारखाच.

१ नोव्हेंबर, तामसी, लिंगन्नांचा ओटा

आजपासून आंध्र प्रदेश. गावात झेंडे लागलेत. मी पहिल्या मोटारीनं इथं.

नक्कल होती. ते वाक्य माझंच आहे, माझ्याच अक्षरात. संपादकांनी एक काना-मात्राही बदलली नाही. आधीचे दोन मजकूर परत आले होते. नाल्यावरच्या पुलाची गोष्ट कोण छापणार, असं वाटलं. या वहीतसुद्धा खोटं लिहीत आलो.

राजव्वानं कागद दोनदा वाचला. घडी घालून मला परत दिला.

“हे सासूबाईंपुढं वाचान? मी समोर असताना?”

“वाचतो.”

तिनं लेकीला कडेवर घेतलं.

“चला मंग.”