निर्दोष निकाल

सर, माझी नात कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काल अमेरिकन राज्यघटनेचं पुस्तक घेऊन कर्वेनगरला माझ्याकडे आली आणि म्हणाली, “आजी, वर्डिंग सेमच आहे ना? मग जजमेंट उलटं कसं काय?” समान संरक्षणाचं ते कलम. त्याच शब्दांवर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आधी काळ्या लोकांना रेल्वेत वेगळं बसवणं चालतं म्हटलं, आणि पुढे त्याच शब्दांवर वेगळ्या शाळा चालत नाहीत म्हटलं. तुम्ही हे शनिवार पेठेतल्या तुमच्या स्वयंपाकघरात शिकवलंत. स्टोव्हवर चहा उकळतोय, आम्ही पाचजण जमिनीवर बसलोय. मी ऐटीत म्हणते, “न्यायाधीश बदलले.” तुम्ही गाळणं शोधत म्हणता, “वा. एवढं तर कोपऱ्यावरच्या पानवाल्यालाही कळतं. त्याला कॉलेजात यावं लागलं नाही.” सगळे हसले. मीही हसले, पण लागायचं ते लागलंच.

घटना लिहिणाऱ्यांच्या मनात होतं तेवढंच वाचायचं, की शब्दांना काळाबरोबर वाढू द्यायचं, हा वाद तुम्ही दोन्ही बाजूंनी करायला लावायचात. या शनिवारी एक बाजू, पुढच्या शनिवारी तिच्याविरुद्ध. पहिल्या बाजूने मी फार छान बोलायचे. दुसऱ्या बाजूला माझी जीभ जड व्हायची.

पुढे मी न्यायाधीश झाले आणि स्वारगेटजवळच्या एका भाड्याच्या खोलीचा खटला माझ्यापुढे आला. पुस्तकबांधणी करणारे एक मुस्लिम गृहस्थ वारले होते. त्यांनी तान्हेपणापासून सांभाळलेली मुलगी, आता चाळिशीची, त्या खोलीत राहत होती आणि घरमालकाला खोली रिकामी हवी होती. पोटची नव्हे, आणि कायदेशीर दत्तक तर त्यांच्यात नसतंच. भाडेकरूच्या मागे हक्क जातो तो त्याच्याजवळ राहणाऱ्या कुटुंबीयांकडे. ती साक्षीत म्हणाली, “मॅडम, मी त्यांना अब्बा म्हणायचे. आणखी काय लागतं?” मी लिहिलं की कायदा करणाऱ्यांच्या मनात रक्ताचं, लग्नाचं किंवा दत्तकाचंच नातं होतं, ते वाढवणं विधिमंडळाचं काम, न्यायालयाचं नव्हे. तिने अपील केलं नाही. बोट ठेवायला जागाच नाही, असं तिचे वकील म्हणाले म्हणे.

तो निकाल मी तुम्हाला दाखवायला आणला, शाबासकीसाठीच. तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचलात. “निर्दोष आहे,” म्हणालात. मग चष्मा पुसत विचारलंत, “ती आता कुठे राहते?”

“मला कसं माहीत असणार, सर?”

“बरोबर. निकालात लिहिलेलं नाही ना.”

मी चहा न घेताच निघाले. दोन महिन्यांनी तुम्ही गेलात. तेव्हापासून मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडतेय, की ही बाजू तुम्हीच शिकवलीत, मग मला का टोचलंत?

काल नातीला सांगितलं की दोन्ही वाचनं प्रामाणिक असू शकतात. ते खरंच आहे, आणि म्हणूनच हे पत्र मी तिला दाखवणार नाही. माझं वाचन प्रामाणिक नव्हतं. मी आधी त्या बाईच्या बाजूने निकाल लिहिला होता, हाताने, नऊ पानं. वरच्या न्यायालयाने फिरवला तर बढतीच्या वेळी आड येईल, म्हणून फाडला. त्यात तुम्हाला चार चुका सहज सापडल्या असत्या, सर. पण तो मला पटलेला होता.