पेरिजातचा श्वास

२ मे

पोचले एकदाची! दोलोनच्या घाटात ड्रायव्हरने गाडी दोनदा थांबवली, एकदा चहासाठी आणि एकदा उगाचच. पण पलीकडे उतरून नारीन नदी दिसली आणि माझा सगळा राग पळाला. कोक-जार हे गाव नकाशावर भिंग घेऊन शोधावं लागतं. माझ्या कामाला मात्र याहून चांगलं गाव मिळालं नसतं. खिडकी उघडली की नदी सरळ खोलीत शिरते, आवाजाने.

घर उल्कान आपांचं. बूट काढायच्या आत पुढ्यात साय, रोटी आणि गरम, तुपात तळलेले बोरसोक आले. शहरात तुम्हाला कुणी खायला घालत नाही का गं, आमची बकरीसुद्धा तुझ्यापेक्षा अंगाने बरी आहे, असं स्वागत झालं. घरात त्यांची सून पेरिजात, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. नवरा तालाय रशियात इमारतींच्या कामावर. पोरीने थोरल्या बहिणीला म्हणावं तसं लगेच मला 'एजे' म्हटलं आणि माझी बॅग उचलली. त्यावरून आपांनी दोघींनाही झापलं, तिला उचलली म्हणून आणि मला उचलू दिली म्हणून.

काय काम करतेस, असं आपांनी विचारलं. मी समजावून सांगितलं. लोक येतील, कानाला हेडफोन लावतील, जुन्या पुलापासून पॉप्लरच्या झाडांपर्यंत काठाकाठाने चालतील आणि चालता चालता नदी ऐकतील. आपांनी बराच विचार केला आणि विचारलं, "नदी तिथेच असताना?"

मी इतकी हसले की चहा सांडला.

५ मे

तीन दिवस नुसती चालतेय. माझी पद्धत सोपी आहे. दोन्ही कानांत बारीक माईक घालायचे आणि चालायचं. नंतर ऐकणाऱ्याला वाटतं, आपणच त्या कानांच्या मध्ये आहोत. गोटे, पॉप्लरची कोवळी पानं, काठावर बायका जाजमं धुताना होणारा धपधप आवाज, कुणाची तरी घोडी. बर्फ वितळतंय, त्यामुळे पाणी दुधाच्या चहासारखं गढूळ आणि फुगलेलं. सगळं मिळालं.

एकच अडचण आहे. कानातल्या माईकमध्ये चालणाऱ्याचा श्वासही येतो. काही लोक तो कापून टाकतात. मी ठेवते, कारण ऐकणारा नकळत त्याच लयीत श्वास घ्यायला लागतो, आणि तो एकदा श्वासाने बांधला गेला की कुठेही नेता येतो. पण माझा श्वास म्हणजे बस चुकलेल्या बाईचा. त्याच्याबरोबर कोण चालणार?

आज पेरिजात चढ चढून वर आली आणि माझे कान टवकारले. एक खोल श्वास, मग थांबणं, मग हलकेच "हं". पुन्हा खोल श्वास. असा श्वास मागून मिळत नाही.

७ मे

माईक घालून चालायला पेरिजात एका पायावर तयार झाली. आपा अजिबात नाही. भरल्या दिवसांच्या बाईने नदीवर जायचं नसतं, त्या म्हणाल्या. पाण्याजवळ अल्बार्स्ती नावाची हडळ असते. बाळंत होणाऱ्या बाईचं फुप्फुस काढून नेते आणि नदीत बुडवते. ते पाण्याला लागलं की इकडे बाई संपली. मला यात नवं काही नव्हतं. माझी आजीही हेच सांगायची, आणि हॉस्टेलवर आम्ही याच गोष्टीने एकमेकींची झोप उडवायचो. ती येऊ नये म्हणून पेरिजातच्या उशाखाली सुरी ठेवलेली मी पाहिली आहे.

शेवटी मी शब्द दिला की वरच्या वाटेनेच जाऊ, पाण्याला पायही लागणार नाही. शब्द पाळलाही. पेरिजात कानात माईक घालून पुढे, मी मागे पाय न वाजवता. आधी ती फिदीफिदी हसत होती. मग लय सापडली आणि पॉप्लरपर्यंत ती अशी चालली की मी माझा श्वास विसरले. शेवटी माईकमध्ये म्हणाली, तालायला पाठवा हं एजे, त्याचं पोर वाहताना मी किती धापा टाकते ते कळू दे त्याला.

मला ही पोर फार आवडते.

१० मे

आज माझ्यावर मीच खूश आहे. शेवट जमत नव्हता. पॉप्लरखाली पोचल्यावर पेरिजातचा श्वास हळूहळू नदीत विरघळायला हवा. कॉम्प्युटरवर दोन्ही आवाज एकावर एक ठेवले तर कागदावर कागद चिकटवल्यासारखे वाटत. मग जुनी युक्ती केली. पाण्यात चालणारा स्पीकर दोरीला बांधून नदीत सोडला, त्यावर तिचा श्वास लावला, आणि थोड्या अंतरावर पाण्याखालचा माईक टाकून तो नदीतून आलेला ऐकला. नदीने त्याला आपला रंग दिला. अंगावर काटा आला, आनंदाने.

घरी आले तर पेरिजात उंबऱ्यावर बसलेली, तोंड पांढरं. कणीक मळता मळता दम लागला म्हणाली. आपांनी ताकासारखं ऐरान पाजलं. नववा महिना आहे, त्या म्हणाल्या, पोर छातीला लाथा मारतंय.

११ मे

कालचं रेकॉर्डिंग नीट ऐकलं. मी स्पीकर बंद केल्याचं त्यात कळतं. तो बाहेर काढल्याचंही कळतं, दोरी गोट्यांवर घासते. त्यानंतर नुसती नदी हवी.

श्वास चालूच आहे.

माईकमध्ये बिघाड असेल म्हणून दुपारी दुसरा माईक घेऊन गेले. स्पीकर घरीच ठेवला. लख्ख ऊन होतं, जाजमं धुणाऱ्या बायका माझ्याकडे बघून काहीतरी बोलून हसत होत्या. माईक पाण्यात सोडला, हेडफोन लावले. एक खोल श्वास, थांबणं, "हं".

मी हेडफोन काढून फेकले. बायका आणखीच हसल्या.

१२ मे

पेरिजातला आता एका दमात वाक्य संपवता येत नाही. एजे म्हणते, मग थांबते, मग उरलेलं बोलते. नर्स येऊन गेली. छाती साफ आहे म्हणते, नाडी ठीक आहे. ऑक्सिजनची नळी लावून गेली.

पॉप्लरखाली आज काहीच ऐकू आलं नाही. मला हायसं वाटलं. मग काठाने खाली चालत गेले, कुरणाच्या वळणाशी माईक टाकला. तिथे आहे. म्हणजे तो वाहतोय. नदी त्याला खाली नेतेय, आणि जितका तो लांब जातो तितकी इथे ही—

नाही. बाळंतपण आहे हे. बायकांना दम लागतोच.

१३ मे

सगळी रेकॉर्डिंग पुसली. काही फरक नाही. श्वास कुरणाच्याही खाली गेला आहे. पेरिजातचे ओठ निळसर दिसतात. मला बघून ती हसते, तेच मला सहन होत नाही.

संध्याकाळी आपांना सगळं सांगितलं. स्पीकर, दोरी, सगळं. वाटलं, मारतील. त्या उठल्या, परसातली लोखंडी कढई ओढत काठावर नेली आणि फावड्याने बडवायला लागल्या. शेजारपाजारच्या बायका बादल्या, ताटं घेऊन धावत आल्या. लोखंडाच्या आवाजाला अल्बार्स्ती घाबरते, नेलेलं टाकून पळते. काठ नुसता दणाणत होता. मीही एक परात घेतली आणि वेड्यासारखी बडवली.

घरात पेरिजात तशीच.

आपांनी फावडं खाली टाकलं आणि माझ्याकडे पाहिलं. "चोर पळायला तर हवा ना," त्या म्हणाल्या. "चोर माझ्याच शेजारी उभी राहून परात बडवतेय."

मी हात जोडले. काय करू ते सांगा म्हटलं. त्या म्हणाल्या, नेणाऱ्यानेच परत आणायचं असतं, तूच नेलंस, तूच आण. कसं ते त्यांनाही ठाऊक नाही.

१४ मे

घाटातून पेरिजातला मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं म्हटलं तर डॉक्टर फोनवर नको म्हणतात. वाटेतच जाईल म्हणतात.

श्वास आता गावापासून बराच खाली, लोखंडी पुलाशी आहे. पूल संपला की घळ लागते. घळीत रस्ता नाही, पायवाटही नाही. पुढे थेट धरण. तो घळीत शिरला की—

स्पीकर लावून परत बोलावला. तिचं नाव घेऊन हाका मारल्या. बादलीने पाणी भरून घरी आणलं आणि तिच्या उशाशी ठेवलं. मूर्ख बाई. बादलीत नुसतं पाणी होतं.

१५ मे, सकाळ

कळा सुरू झाल्या. कळ द्यायला तिच्यात दमच नाही.

मी काय करते, माझा धंदा काय? ऐकणारा नकळत त्याच लयीत श्वास घ्यायला लागतो. माझेच शब्द. मग मीच ऐकणारी होईन. पाण्यात उभी राहीन, त्याच्याबरोबर श्वास घेईन, तो माझ्यात येईपर्यंत.

भीती वाटते. जाते.

१५ मे, दुपार

हात थरथरतोय. भराभर लिहिते.

दुधाच्या गाडीवाल्या शार्शेन बाइकेने, म्हणजे शार्शेनदादाने, लोखंडी पुलापर्यंत सोडलं. कमरेपर्यंत पाण्यात उतरले, बर्फाचं पाणी, पाय सुन्न. हेडफोनमध्ये तो होता, अगदी हलका. त्याच्यासारखा श्वास घ्यायला लागले. आधी जुळेना. मग जुळला. मग आमच्यात कोण कुणाच्या मागे चाललंय तेच कळेना. एकदम हेडफोनमध्ये नुसती नदी.

छाती फुटेल इतकी भरली. तोंड घट्ट मिटून गाडीत बसले. शार्शेन बाइके काय काय विचारत होता, मी नुसती मान हलवली. घरात शिरले, पेरिजातच्या तोंडाला तोंड लावलं, सोडला.

तिने घेतला. ओठ लाल झाले माझ्या डोळ्यांसमोर. पुढच्याच कळेला ती अशी ओरडली की शेजारचे कुत्रे भुंकले. मुलगी झाली! आपांनी मला छातीशी धरलं, रडल्या, पोरी पोरी म्हणाल्या.

मग त्यांनी माझ्या छातीला कान लावला आणि मागे सरकल्या.

१५ मे, उन्हं उतरताना

बोलायला दम नाही. म्हणून लिहून दाखवतेय.

मला वाटलं होतं, पाण्यातून दोन श्वास घेऊन निघाले. एकच होता. तिचा. तिचा आत घ्यायला जागा हवी होती, म्हणून माझा बाहेर गेला. पुलाखाली. घळ तिथूनच सुरू होते.

आपांनी बायकांना काठावर पाठवलंय. कढया वाजतायत. उपयोग नाही. माझा कुणी नेला नाही, मीच टाकला.

मला मरायचं नाही. खरंच नाही. पण त्या दोघी आहेत आणि मी एकटी.

नंतर

मला पलीकडच्या खोलीत निजवलंय. आपा सारखं पाणी पाजतात.

भिंत पातळ आहे. माझे कान— ऐकू येतो. पेरिजातचा. खोल. थांबते. मग पुन्हा.

ऐकायचं नाही. उशी दाबली कानांवर. तरी येतो.

छाती आपोआप वर होते. तिची वर, माझी वर. मी करत नाहीये. सकाळपासून छातीला तेच वळण लागलंय—

पलीकडे ती खोकली.

आपा बाहेर गेल्यात. हाक मारता येत नाही. भिंतीवर मूठ आपटली, त्यांना वाटेल मला पाणी हवंय—

उठून लांब जावं. पाय हलत नाहीत.

आपा, आत आल्यावर हे वाचा. आधी हेच वाचा. तिला आणि पोरीला उचला, या घरातून न्या, गावाबाहेर, माझ्या कानांना ऐकू येणार नाही इतक्या लांब. माझ्याकडे बघू नका. मी थांबवतेय पण—

पुन्हा खोकली. पोर रडतेय.

हात थरथरायचा थांबला. अक्षर नीट येतंय. खुदाया, मला बरं वाटायला लागलंय. आपा, लवकर, मला बरं वाटायला लागलंय, तिला