अकरा घरटी आणि चुन्याचे दगड

मी, सोपान गेणबा ढमढेरे, एम. ए., बी. टी., वय वर्षे त्रेसष्ट, सेवानिवृत्त मुख्याध्यापक, राहणार खैरमाळ, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. प्रथम वस्तुस्थिती, क्रमाने.

एक : पत्नी पार्वतीबाई १९६८ साली वारली, अपत्य नाही.
दोन : राहते घर, पुस्तके व शाळेमागील वीस गुंठे माळ ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे.
तीन : यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांची भाषा मला आता पसंत नाही.

घर पुतण्या बाळासो यास द्यावे. पत्रे गळतात हे त्यास ठाऊक आहे. चार वर्षे तो ते उद्या दुरुस्त करणार आहे.

पुस्तके शाळेस द्यावीत. कपाटाची किल्ली मात्र व्यायामशिक्षक बबनराव यांच्या हाती देऊ नये. भिंतीवरच्या घड्याळाला चावी देण्यासाठी ते माझ्या शब्दकोशावर उभे राहिले होते.

माळ बाळासोस मिळणार नाही. त्याचे म्हणणे, "आप्पा, तिथं दगडाबिगर काय हाय? सपाट करू, कांदा लावू." त्या दगडांतच टिटव्या अंडी घालतात, त्या कुठे जातील, असे मी विचारले. "त्यास्नी काय, पंख हायती." उत्तर चुरचुरीत होते. माळ तरीही मिळणार नाही.

माळ मी मेंढपाळ म्हस्कू कोकरे यांची कन्या, माझी माजी विद्यार्थिनी, सध्या सासरी दौंड येथे राहणारी म्हाळसा हिला देतो. कारण नोंदवणे भाग आहे.

१९७१च्या एप्रिलमध्ये आठवीच्या वर्गाने या माळावर टिटवीची अकरा घरटी शोधली. अंडी पायाखाली जाऊ नयेत म्हणून प्रत्येक घरट्याभोवती दोरीने मोजून, समान अंतरावर, चुना लावलेले आठ दगड मांडण्याचा आदेश मी दिला. म्हाळसा म्हणाली, "गुरुजी, चुना नगा लावू. कावळ्याला लांबनं दिसंल. आमची मेंढरं हितंच चरत्यात, टिटवी वरडली की बाजूनं जात्यात. पोरास्नी बी तेवढं कळंल."

मी तिच्या वहीत 'शिस्तीचा अभाव' असा शेरा मारला व दहापैकी शून्य गुण दिले. चार दिवसांत कावळ्यांनी नऊ घरटी रिकामी केली. उरलेल्या दोन घरट्यांभोवतीचे दगड म्हाळसाने मला न विचारता शेणामातीने सारवले होते. पिल्ले तिथेच निघाली.

जिल्हा प्रदर्शनाच्या अहवालात मी 'विद्यार्थ्यांच्या निष्काळजीपणामुळे नुकसान' असे लिहिले. अहवालास ढाल मिळाली. ते वाक्य असत्य होते. ढाल या कलमाच्या नकलेसह परत करावी. म्हाळसाचे गुण दहापैकी दहा समजावेत; शाळेच्या दप्तरात मी आज, विद्यमान मुख्याध्यापकांच्या परवानगीने, तशी दुरुस्ती केली आहे.

अट एकच : चैत्र ते आषाढ माळावर नांगर, चुना व व्यायामशिक्षक यांना मज्जाव.

साक्षीदार : १. बबनराव तुकाराम शेळके (मजकूर वाचून, हरकत नोंदवून). २. रंगुबाई दगडू गव्हाणे, शेजारीण.
सही : सो. गे. ढमढेरे
खैरमाळ, ता. ११ मार्च १९७९

नक्कल रवाना : चि. सौ. म्हाळसा हिस. हे तू माझ्या हयातीतच वाचावेस अशी इच्छा आहे. माळ घेणार की नाही, आणि माझी चूक माफ होण्याजोगी आहे की नाही, ही दोन स्वतंत्र उत्तरे एका महिन्याच्या आत, तुझ्या हस्ताक्षरात, लेखी पाठवावीस. म्हस्कूआबांकरवी आलेला तोंडी निरोप ग्राह्य धरला जाणार नाही.