धुवायचा नाही असा रोल

११ जून २००६, रवि.
कॅमेरा घरी आला. ऑफिसातल्या गिरीशचा जुना, रोलवाला. त्यानं डिजिटल घेतला, त्यामुळे ह्याला त्याच्या घरात कुणी विचारत नव्हतं. सोबत कृष्णधवल रोल दोन, फुकट. इतका जड की गळ्यात घातला की मान आपोआप खाली जाते.
आईला कराडला फोन. तिचं पहिलं वाक्य: मग आता तुझाच एक चांगला काढून पाठव, मावशीनं स्थळ सुचवलंय. म्हटलं, कॅमेरा माझ्या हातात असणार, तर मी फोटोत कशी येणार? म्हणाली, तुझं हे नेहमीचंच. आणि फोन ठेवला.

१४ जून
ऑफिसला जाताना सिरुसेरीच्या बसमध्ये खिडकी मिळाली. खाजण, बगळे, अर्धवट उभ्या काचेच्या इमारती. दहा-बारा काढले, धावत्या बसमधून. सगळे हललेले असणार.
विकतचा रंगीत रोल घालून दिला लॅबवाल्या सेल्वमनं. माझ्या हातातून कॅमेरा काढून घेतला, पाठ फिरवली, दोन मिनिटांत परत दिला. बघूसुद्धा दिलं नाही. मलाही बरंच वाटलं, खरं तर.

१८ जून, रवि.
मैलापूरला हौशी फोटोवाल्यांचं एक मंडळ आहे, त्यांचा फॉर्म आणला. नाव, पत्ता, वय २९, इथपर्यंत ठीक. मग प्रश्न: फोटोग्राफी कशासाठी? तुमची प्रेरणा आणि उद्दिष्ट, पाच ओळींत.
लिहिलं: कामाचा ताण हलका होतो. खोडलं. (ताण वाढलाय. रोल संपत आला की धडधडतं.)
लिहिलं: निसर्गाची आवड. खोडलं. बगळ्याशी माझं काही देणंघेणं नाही.
खरं कारण तीन ओळींत मावेल. पण मैलापूरच्या अनोळखी लोकांना का सांगू? फॉर्म तेलाच्या डब्याखाली ठेवला.

२ जुलै, रवि.
सकाळी काठी वाजली, दोनदा. (अक्का खालून आपल्या छताला झाडूची काठी ठोकतात. एकदा म्हणजे पाण्याची मोटर बंद कर, दोनदा म्हणजे कॉफी. तीनदा अजून कधी वाजली नाही, ती कशासाठी ठेवलीय ते विचारलंही नाही.)
अक्का म्हणजे घरमालकीण. अठ्ठ्याहत्तर. तंजावरचं मराठी घराणं, तीनशे वर्षं इकडेच. आधी मी आजी म्हणायचे, त्यांनी ते मोडून काढलं. त्यांचं मराठी ऐकताना वाटतं एखादी जुनी पोथी उठून चालायला लागली आणि वाटेत तमिळ शिकली.
सेल्वमनं धुतलेले फोटो दाखवले. कोलम (इथली दारातली रांगोळी), कावळा, नारळवाला लांबून, पाठमोरा. सगळे बघून झाल्यावर म्हणाल्या, सगळें काढलेंस, माणूस कुठें? म्हटलं, माणसांना समोरून काढायची भीती वाटते. मग मला आत घेऊन गेल्या, देवघराशेजारच्या भिंतीपुढे उभं केलं. हार घातलेला त्यांच्या यजमानांचा फोटो. रेल्वेत होते. मोठे, टपोरे, सरळ बघणारे डोळे. मी म्हणाले, किती छान डोळे.
चूक झाली. अक्कांनी फोटोचा हार सरळ केला. मग सांगितलं. यजमानांचा जन्मभर एक फोटो नव्हता. गेले ते अचानक. मग भावकीतल्या कुणीतरी स्टुडिओवाल्याला बोलावलं. त्यानं त्यांना खुर्चीत बसवून, मागून धरायला लावून फोटो काढला आणि दुकानात नेऊन मिटलेल्या डोळ्यांवर उघडे डोळे रंगवले. तेव्हा असंच करायचे म्हणे, घरोघरी.
“त्यांचे डोळे बारीक होते गे. हसले कीं दिसतच नव्हते. हे डोळे त्या स्टुडिओवाल्यानें घातले. सत्तावीस वर्षें मी परक्या माणसाला नमस्कार करतें.”
रोज दिवा लावताना त्या फोटोच्या हनुवटीकडे बघतात. हनुवटी खरी आहे.

३ जुलै
बसमध्ये दिवसभर, म्हणजे दोन्ही वेळा, बाबांचा कोट.
ते मी कुणाला सांगितलेलं नाही, इथे तरी लिहावं. बाबा साखर कारखान्यात काट्यावर कारकून. जन्मभर अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट. गेले तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा फोटो फक्त ओळखपत्रावरचा, नखाएवढा. दादानं तो मोठा करायला दिला. कराडच्या स्टुडिओवाल्यानं हौसेनं निळा कोट चढवला, टाय बांधला. आईला आवडला. म्हणाली, साहेब दिसतात. मी तेव्हा बारावीत होते.
आता बाबा आठवायला गेलं की कोटवालाच येतो. बुशशर्टवाला ओढून आणावा लागतो, आणि त्याचा चेहरा नीट नसतो.
हे खरं कारण. साडेतीन ओळी झाल्या.

१६ जुलै, रवि.
अक्कांना जिना चढून वर यायचं होतं, तिसऱ्या पायरीवर बसल्या. डॉक्टर म्हणालेत हृदय थकलंय. त्या हे असं सांगतात की जणू शेजारणीचं सांगतायत.
मी पायरीवर शेजारी बसले. मग म्हणाल्या, मुलगा मस्कतहून येणार आणि पहिला धांवणार स्टुडिओकडे. तो चांगला आहे, पण घाईचा आहे.
“माझे डोळे माझेच असूं देत. तूं काढ. आत्तां, उघडे असतांना.”
मी हो म्हटलं. मग वर येऊन अर्धा तास नुसती बसले. बगळेसुद्धा मला धड येत नाहीत.

२३ जुलै, रवि.
काढले! गिरीशचा कृष्णधवल रोल वापरला. यजमानांना कृष्णधवल आहे, मला पण तोच, असं अक्कांचं म्हणणं. सेल्वमचं दुकान बंद, म्हणून रोल मीच घातला. पहिल्यांदाच, पण जमला.
अंजिरी रंगाची कांजीवरम नेसल्या होत्या. कृष्णधवलमध्ये अंजिरी कुठे दिसणार, पण म्हणाल्या, मला माहीत असेल ना. खिडकीपाशी खुर्ची. सुरुवातीला शाळेच्या फोटोसारख्या बसल्या, हात गुडघ्यांवर. नंतर सैल झाल्या. सुनेच्या इडलीला नावं ठेवताना तीन-चार फारच सुंदर मिळाले.
छत्तीसचा रोल, पण आकडा ३९ पर्यंत गेला! तीन जास्तीचे. आज मला माझंच कौतुक वाटतंय.

२९ जुलै, शनि.
सेल्वम मागच्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर आला तो ओली पट्टी हातात लोंबकळत. ट्यूबलाइटसमोर धरली. पलीकडची भिंत, कॅलेंडर, सगळं स्वच्छ दिसत होतं. “ओण्णुम इल्लै, मॅडम.” काही नाही.
रोलचं टोक आतल्या चाकाला अडकलंच नव्हतं. मी खटके ओढत राहिले, आकडा पुढे जात राहिला, रोल जागच्या जागी. सेल्वमनं कॅमेऱ्याची डावीकडची कळ दाखवली: खटका ओढला की ही फिरायला हवी. फिरली नाही तर आत काही चाललेलं नाही. आणि ३९ आकडा दिसला की खूश व्हायचं नाही, घाबरायचं. हे सगळं तो इतक्या हळुवारपणे बोलला की मला रडूच आलं. त्यानं मला स्टूल दिलं.

३० जुलै, रवि.
काठी दोनदा वाजली. गेले नाही. परत वाजली. गेले.
सांगून टाकलं. पट्टी सोबत नेली होती, का कोण जाणे. अक्कांनी ती खिडकीकडे धरली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट पाहिली. आणि हसत सुटल्या. इतक्या, की पाणी द्यावं लागलं. म्हणाल्या, माझा अर्ज वरून परत आला, सही नाहीं म्हणून.
मी म्हटलं, पुन्हा काढते, आजच. तर लगेच नको. विचार करतें म्हणाल्या. पट्टी देवघरात ठेवलीय त्यांनी. मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय आणि ह्यांना शुभशकुन झालाय.

१२ ऑगस्ट
ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज. पंधरा दिवस एकही फोटो नाही. पण बसमध्ये डावीकडची कळ फिरवायची सवय लागलीय, रिकाम्या कॅमेऱ्याची.

२७ ऑगस्ट, रवि. गणेश चतुर्थी
अक्कांकडे जेवले. त्या मोदकाला कोळकट्टै म्हणतात, मी उकडीचे म्हणते. वाद झाला, मग दोघींनी खाल्ले.
जेवण झाल्यावर म्हणाल्या, आत्तां काढ. साडी बदलली नाही, घरातलीच सुती. एक अट.
“काढ. पण धुवूं नको. मी आहें तोंवर धुवूं नको.”
पहिला रोल कोरा निघाला म्हणून त्या अजून इथे आहेत, असा त्यांचा हिशोब. भिंतीवरचा फोटो तयार झाला की भिंत बोलावणार. मी म्हटलं, अक्का, पण आला की नाही हे कसं कळणार? पुन्हा चूक झाली असली तर? म्हणाल्या, परवाइल्लै, असूं दे, मला कुठें बघायचा आहे.
गिरीशचा उरलेला कृष्णधवल रोल चार वेळा तपासून घातला. कळ फिरली. फिरली, फिरली, फिरली. प्रत्येक खटक्याला बघत होते.
ह्या वेळी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली, यजमानांसमोर. आणि विचारलं, ते कशाला हसायचे? त्या सांगायला लागल्या. एकदा रेल्वेच्या साहेबासमोर ह्यांच्या डब्यातलं ताक सांडलं, साहेबाच्या बुटात गेलं, तर साहेबाऐवजी हेच... पुढचं सांगताच येईना. हसताना अक्कांचे डोळे बारीक, बारीक, नुसती रेघ. मी दाबलं.
डोळे उघडे हवे होते त्यांना. मी मिटत आलेले काढले. पण त्यांचेच आहेत.
मग मला विचारलं, तुझा बाप कसा हसे? मी आठवायला लागले. कोटवाला आला. तो हसत नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मी चतुर्थीच्या दिवशी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. बरं वाटलं.
रोल फ्रिजमध्ये. कढीपत्त्याच्या डब्यात.

२१ सप्टें.
पहाटे काठी तीनदा.
तीनदा कशासाठी होती ते कळलं. रिक्षा, हॉस्पिटल. आता झोपल्यात, नळ्या लावून. मस्कतला फोन केला. मुलगा उद्या पोचतोय.

२४ सप्टें., रवि.
मुलगा भला माणूस. चाळिशी उलटलेली, आईचा हात सोडत नाही. कॉरिडॉरमध्ये मला विचारलं, अम्माचा एखादा चांगला फोटो आहे का तुमच्याकडे, तुम्ही काढता ना? ओठांवर आलं होतं. रोल तर पर्समध्येच होता, घरून निघताना उचलला होता. सेल्वमचं दुकान चार स्टॉपवर.
नाही म्हणाले. खोटं नाही बोलले, फोटो नाहीच अजून.
मग रोल घरी आणून पुन्हा कढीपत्त्यात.

८ ऑक्टो., रवि.
अक्का घरी! बारीक झाल्यात. इकडच्या रीतीप्रमाणे नवरात्रात बाहुल्या मांडता आल्या नाहीत म्हणून आता दसरा उलटल्यावर पाच बाहुल्या उगाच मांडल्यात, कुणी विचारलं तर माझं नाव सांगतात. मुलगा परवा परत गेला. जाताना म्हणाला, तुम्ही वर आहात म्हणून जातोय.
मला बघून त्यांनी पहिला प्रश्न डोळ्यांनीच केला. म्हटलं, नाही धुतला.

२९ ऑक्टो.
माणसं समोरून काढायला लागलेय. नारळवाला, ह्या वेळी तोंडाकडून. आईला सांगितलं, दिवाळीला येईन जानेवारीत. तिला गंमत कळली नाही. तिला म्हटलं, आले की तुझे काढणार, पूर्ण रोल. म्हणाली, माझे कशाला, अजून वेळ आहे. आईलाही हिशोब माहीत आहे म्हणजे.

९ डिसें., शनि.
सेल्वम अंधारी खोली बंद करतोय. पोंगलनंतर, म्हणजे संक्रांत झाली की, फक्त डिजिटल, कॉम्प्युटर बसवणार तिथे. कृष्णधवल आता कुणीच आणत नाही, मॅडम, तुमच्याकडे काही असेल तर आणून टाका. मोठ्या लॅबमध्ये पाठवता येतो, पण तिथे कोण धुणार, कसा धुणार, तो भरवसा देत नाही.
घरी येऊन रोल काढला. गार. मुठीत धरला. कानाशी नेऊन हलवला, वेड्यासारखा. आता धुतला तर कळेल, आत काही असेल तर आहेच. नसेल तर अजूनही पुन्हा काढता येईल, त्या आहेत तोवर. हे अगदी शहाणपणाचं आहे. पाय जिन्यापर्यंत गेले.

१० डिसें., रवि.
धुतला नाही. खाली जाऊन अक्कांना सगळं सांगितलं, लॅबचं, पोंगलचं, माझ्या भीतीचं. म्हटलं, पुन्हा कोरा असला तर मी स्वतःला माफ नाही करू शकणार, मग तुमच्या मुलाला स्टुडिओतच जावं लागेल.
मसूरडाळ निवडत होत्या. खडा बाजूला टाकला.
“मग तूंच शिक धुवायला.” आणि थोड्या वेळानं, “सावकाश शिक. घाई नको.”

१६ डिसें., शनि.
सेल्वमकडून रोल धुवायचा जुना डबा, दोन बाटल्या, थर्मामीटर, आणि रोज अर्धा तास शिकवणी. आज बगळ्यांचा एक नवा रोल नासवला. तो म्हणाला, छान, अजून नासवा.

१७ डिसें., रवि.
तेलाच्या डब्याखालचा फॉर्म काढला. डाग पडलाय. लिहिलं: एक रोल स्वतः धुवायला शिकणे. मुदत: जितकी उशिरा तितकी बरी. मंडळ घेईल की नाही कोण जाणे. तीन ओळी उरल्यात, त्यात बाबांचं लिहू का? लिहिते, पण
काठी वाजतेय. एक. थांबले. दोन.
जाते, कॉफी गार होईल.